मायनस सहाचे मायनस पाच

मागच्या सीझनला, द्राक्षं जोरात चालू होती तेव्हा, पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. तिथले चेंबर बघणारे भाऊ वयानं माझ्या वडिलांएवढे आहेत पण मला दादाच म्हणतात. म्हणाले, "दादा, तुमच्या डब्यावर एक आकडा दिसतोय आणि मोबाइलवर दुसरा." मी विचारलं किती फरक आहे. "एका पॉइंटचा. पण कसंय, शून्याच्या वर असलं ना की काहीच फरक नाही, बरोबर जुळतंय. शून्याच्या खाली गेलं की चुकतंय. आठ दिवस झाले वहीत लिहून ठेवतोय, फोटो पाठवू का?"

पाठवा म्हणलं. रेघांच्या वहीचं पान, तीन कॉलम, वेळ, डबा, मोबाइल. डब्यावर ०.४, मोबाइलवर ०.४. डब्यावर ०.०, मोबाइलवर ०.०. डब्यावर मायनस ०.६, मोबाइलवर मायनस ०.५. डब्यावर मायनस ०.१, मोबाइलवर ०.०. पूर्ण पानभर एकही ओळ ह्या नियमाला सोडून नव्हती. इतका नेमका बग रिपोर्ट मला कुठल्याच टेस्टरकडून आजपर्यंत मिळालेला नाही, आणि हे लिहिताना सुद्धा ते पान समोर आहे.

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. डबा म्हणजे आमचं डिव्हाइस, भिंतीला लावलेलं, आत चेंबरमध्ये सेन्सर, बाहेर छोटी स्क्रीन, आणि सिमकार्डवरून दर पाच मिनिटांनी एक मेसेज सर्व्हरला येतो, मोबाइलवर दिसतो तो सर्व्हरवरचाच आकडा. एक्स्पोर्टची द्राक्षं आधी प्री-कूलिंगला थंड करतात आणि मग शून्याच्या आसपास, बऱ्याचदा मायनस एक ते शून्य ह्या पट्ट्यात ठेवतात, म्हणजे आमच्या सिस्टीमचा अर्धा वेळ शून्याच्या खालीच जातो. स्क्रीनवरचा आकडा आणि सर्व्हरवरचा आकडा एकाच सेन्सरचा, एकाच क्षणाचा, त्यामुळे सेन्सर खराब आहे, कॅलिब्रेशन बिघडलंय वगैरे बोलायला जागाच नव्हती. डब्यातून निघाल्यापासून डेटाबेसमध्ये जाईपर्यंत कुठंतरी आकडा बदलत होता, आणि त्या वाटेवर एकच गोष्ट होती जी मी स्वतः हातानं लिहिली होती, ती म्हणजे बाइट वाचून त्याचे आकडे करणारा पार्सर.

मेसेज सीबॉर फॉरमॅटमध्ये येतो. जेसनसारखाच, म्हणजे डेटा पाठवायचा एक ठरलेला साचा, पण बायनरी. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७०४९ म्हणून आला, २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आरएफसी ८९४९ आली. पासकीनं लॉगिन करता ना, त्याच्या पोटात पण हाच असतो. आमच्याकडे जेसनऐवजी हा घेतला कारण डेटा कमी जातो, आमचा नेहमीचा मेसेज ४७ बाइटचा होतो.

रचना साधी आहे. प्रत्येक व्हॅल्यूचा पहिला बाइट बघायचा, त्याचे वरचे तीन बिट सांगतात की हा कुठला प्रकार आहे आणि खालचे पाच बिट सांगतात आकडा किंवा लांबी. वरचे तीन बिट शून्य असतील तर पॉझिटिव्ह पूर्णांक, एक असेल तर निगेटिव्ह पूर्णांक, दोन म्हणजे नुसते बाइट, तीन म्हणजे मजकूर, चार अॅरे, पाच मॅप, सहा टॅग, आणि सात मध्ये फ्लोट (दशांश चिन्हाचे आकडे), ट्रू-फॉल्स, नल हे सगळं. खालच्या पाच बिटांत २३ पर्यंतचा आकडा थेट बसतो, त्याच्या पुढे २४ असेल तर आकडा पुढच्या एका बाइटमध्ये, २५ असेल तर दोन, २६ तर चार, २७ तर आठ बाइटमध्ये.

आता निगेटिव्ह पूर्णांकाची गंमत. तिथं समजा क्ष हा आकडा लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ मायनस क्ष नाही, त्याचा अर्थ मायनस एक वजा क्ष. कारण पॉझिटिव्हमध्ये शून्य आधीच आहे, परत मायनस शून्यासाठी जागा कशाला घालवायची, म्हणून मोजणी मायनस एकपासून सुरू. हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायात लिहिलं तर, २० हा बाइट म्हणजे मायनस एक. २५ म्हणजे मायनस सहा. ३८ ६३ म्हणजे मायनस शंभर, कारण ६३ हेक्स म्हणजे ९९. तापमान आम्ही दशांशात, म्हणजे दहानं गुणून पूर्णांक करून पाठवतो, तर मायनस ०.६ डिग्री म्हणजे मायनस सहा, म्हणजे वायरवर २५. डबा बरोबर २५ पाठवत होता. माझा पार्सर त्याचे मायनस पाच करत होता. वरचे बिट एक, खालचे बिट पाच, चिन्ह लावलं, झालं.

आता हे वाचून कोणी म्हणेल की टेस्ट लिहिल्या नव्हत्या का. लिहिल्या होत्या. चांगल्या दीडशे ओळींच्या टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या, कव्हरेज नव्वदच्या वर, आणि त्यात मायनस आकड्यांची टेस्ट सुद्धा होती. खरी गोष्ट इथं आहे आणि ही पोस्ट मी त्याच्यासाठीच लिहायला घेतली.

माझी टेस्ट अशी होती: मायनस सहा घे, एनकोड कर म्हणजे त्याचे बाइट कर, जे बाइट आले ते डिकोड कर म्हणजे परत आकडा कर, परत मायनस सहा आले का बघ. राउंड ट्रिप. दिसायला एकदम भक्कम, हजार रँडम आकडे टाकले तरी पास. पण तो एनकोडर पण मीच लिहिला होता, टेस्टपुरता, त्याच दुपारी, त्याच समजुतीनं. मायनस सहाचे तो २६ करत होता आणि डिकोडर २६ चे परत मायनस सहा. दोघांची एकच चूक, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी छान जमत होतं. एकानं चुकीचा पत्ता लिहायचा आणि दुसऱ्यानं त्याच चुकीच्या पत्त्यावर जाऊन पोचायचं, पत्र पोचलं की दोघं खूश, पण पत्ता चुकीचाच आहे ना. डबा मात्र खरा पत्ता लिहीत होता, कारण तिथं फर्मवेअरवाल्यानं, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं, टायनीसीबॉर ही तयार लायब्ररी वापरली होती.

राउंड ट्रिप टेस्ट हे तपासते की तुमच्या दोन फंक्शनचं एकमेकांशी जुळतं का. पार्सर फॉरमॅटप्रमाणे वागतो का हे तिला माहीतच नसतं. मी ती आजही ठेवली आहे, तिचा उपयोग आहे, एखादा टाइप विसरला वगैरे ती पकडते. पण मुख्य टेस्ट म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. मुख्य टेस्टमधले बाइट बाहेरून आलेले पाहिजेत, ज्यानं तुमचा कोड कधी बघितला नाही अशा कुणाकडून.

आणि सीबॉरच्या बाबतीत ते बाइट फुकट मिळतात हो! आरएफसीच्या परिशिष्ट ए मध्ये लांबलचक तक्ता आहे, एका बाजूला व्हॅल्यू आणि दुसऱ्या बाजूला हेक्स. मायनस एक, मायनस दहा, मायनस शंभर, मायनस हजार, सगळे आहेत. त्यातला पहिला निगेटिव्ह आकडा चालवला असता तरी हा बग त्या दुपारीच मेला असता. तोच तक्ता जेसन फाइल म्हणून गिटहबवर पण आहे, ती फाइल प्रोजेक्टमध्ये टाकायची आणि एका लूपमध्ये फिरवायची, अर्ध्या तासाचं काम. मी ते तेव्हा केलं नाही कारण राउंड ट्रिप पास होतीये म्हणजे झालं असं मला मनापासून वाटत होतं.

चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. पण त्यानंतर मला त्या पार्सरमधल्या एकाही ओळीची खात्री वाटेना, म्हणून दोन आठवडे रोज संध्याकाळी बसून टेस्ट शून्यापासून परत लिहिल्या, त्यात जे सापडलं ते सांगतो.

तक्ता चालवल्यावर निगेटिव्ह सोडून अजून दोन जागी लाल आलं. एक म्हणजे फार मोठे निगेटिव्ह. सीबॉरमध्ये मायनस १८४४६७४४०७३७०९५५१६१६ पर्यंत आकडा लिहिता येतो, म्हणजे मायनस दोनाचा ६४ वा घात. गो भाषेतल्या ६४ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात त्याच्या निम्म्यापर्यंतच जागा आहे. माझा कोड गपचूप उलटा फिरून भलताच आकडा देत होता, एरर नाही, पॅनिक (प्रोग्रॅम अचानक पडणं) नाही, काही नाही. आता तिथं सरळ "रेंजबाहेर" एरर येतो आणि टेस्ट सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, जो शेवटचा बसतो तो आणि जो पहिला बसत नाही तो.

दुसरं लाल हाफ फ्लोटमध्ये. सोळा बिटांचा फ्लोट, आमच्याकडे बॅटरीचं व्होल्टेज त्यात येतं. नेहमीचे आकडे बरोबर येत होते पण एकदम बारीक, ज्यांना सबनॉर्मल म्हणतात, ते चुकत होते. व्होल्टेजमध्ये असे आकडे कधी येणार नाहीत हे मान्य, तरी मी सोडलं नाही, कारण सोळा बिट म्हणजे एकूण ६५,५३६ शक्यता. सगळ्या तपासता येतात! रँडम कशाला, नमुना कशाला, पूर्णच्या पूर्ण. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये ३.६ पासून हाफ फ्लोट आहे, त्याच्याकडून ६५,५३६ उत्तरांची फाइल काढली, माझ्या पार्सरकडून काढली, आणि एकेक ताडून बघितली. टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. त्यातले २०४६ बिटपॅटर्न "नॉट अ नंबर", थोडक्यात नॅन, असतात आणि तो प्राणी स्वतःच्या बरोबर सुद्धा नसतो, त्यामुळे नुसतं बरोबरीचं चिन्ह लावून तुलना केली तर टेस्ट उगाच फेल होते, तिथं दोन्हीकडे नॅन आहे का असं वेगळं विचारावं लागतं. हे महत्त्वाचं अशासाठी की सेन्सरची वायर तुटली तर फर्मवेअर नॅनच पाठवतं. गोमध्ये नॅनचा पूर्णांक केला तर काय येईल ह्याची भाषा हमी देत नाही, मशीनप्रमाणे बदलू शकतं. तुटलेल्या वायरीचं तापमान काहीतरी आकडा म्हणून डॅशबोर्डवर दिसणं ह्यापेक्षा वाईट काही नाही. ते आता "रीडिंग नाही" म्हणूनच जातं आणि त्याची स्वतंत्र टेस्ट आहे.

फ्लोटबद्दलच अजून एक. व्होल्टेज ३.७ पाठवलं तर हाफ फ्लोटमध्ये ३.७ बसतच नाही, जवळचा आकडा ३.६९९२१८७५ जातो. माझ्या जुन्या टेस्टमध्ये काय केलं होतं तर ०.०१ इतका फरक चालेल अशी सूट दिली होती, म्हणजे हिरवं येतंय. बऱ्याच जणांच्या कोडमध्ये बघितलंय हे. पण डिकोड करताना कुठंही अंदाज नसतो, ह्या दोन बाइटांचा हाच एक आकडा, दुसरा नाही. गोळाबेरीज झाली असेल तर ती पाठवणाऱ्याकडे झाली. त्यामुळे आता टेस्टमध्ये ३.६९९२१८७५ असाच्या असा लिहिलाय, सूट काढून टाकली. सूट दिली की शेवटचे दोन-तीन बिट चुकीचे वाचले तरी कळत नाही.

मग टाइपचा भाग. आमचा पार्सर नुसता आकडा काढून थांबत नाही, तो ठरलेल्या रचनेत भरतो, तापमान १६ बिट साइन्ड, आर्द्रता ८ बिट, वेळ म्हणजे वेळ. इथं मला एक उदाहरण सुचलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. समजा आर्द्रतेचा सेन्सर बिघडला आणि त्यानं ३५१ असा कचरा पाठवला. ८ बिटांत ३५१ बसत नाही, पण कोडमध्ये नुसतं टाइप बदलून घेतलं तर वरचे बिट गळून पडतात आणि उरतात ९५. द्राक्षाच्या चेंबरला आर्द्रता ९० ते ९५ टक्केच पाहिजे असते. म्हणजे बिघडलेला सेन्सर स्क्रीनवर अगदी मनासारखा आकडा दाखवणार, आणि कोणी त्याकडे परत बघणार नाही. माझ्या कोडमध्ये ती ओळ होती. सुदैवानं असं प्रत्यक्षात घडल्याचं लॉगमध्ये दिसलं नाही. ३५१ ही आता टेस्ट आहे, उत्तर एररच आलं पाहिजे. तसंच पूर्णांकाच्या जागी फ्लोट आला तर, फ्लोटच्या जागी पूर्णांक आला तर, आकड्याच्या जागी मजकूर आला तर, प्रत्येकाचं उत्तर आधी कागदावर ठरवलं आणि मग टेस्ट लिहिली. ठरवताना फर्मवेअरवाल्याशी दोनदा वाद झाला, तो म्हणे "५.० आणि ५ एकच ना रे", आणि त्याच्या बाजूनं ते खरं पण आहे, शेवटी असं ठरलं की फ्लोटच्या खान्यात पूर्णांक आला तर चालेल, उलटं चालणार नाही.

वेळेच्या टेस्टनं पण एक संध्याकाळ खाल्ली. आरएफसीच्या तक्त्यात टॅग एक (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) ह्याच्या जोडीला १३६३८९६२४० हा आकडा दिलाय, म्हणजे २१ मार्च २०१३, रात्री ८ वाजून ४ मिनिटं, यूटीसी. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट पास, सर्व्हरवर फेल. कारण मी अपेक्षित तारीख लिहिताना २२ मार्च लिहिली होती, लॅपटॉपवर छापून आलेलं बघून. आपल्याकडे साडेपाच तास पुढं, म्हणजे २२ तारखेची पहाट, १ वाजून ३४ मिनिटं. पार्सर बरोबर होता, टेस्ट चुकीची होती. पार्सरचं उत्तर बघून ते अपेक्षित म्हणून चिकटवायचं ही सवयच मोडली त्या दिवसापासून. उत्तर आधी, पार्सर चालवणं नंतर.

मराठी मजकूर. ही टेस्ट बाहेरच्या कुठल्या तक्त्यात मिळणार नाही, ती आपल्यालाच लिहायला लागते. चेंबरचं नाव मेसेजमध्ये जातं आणि आमचे लोक ते मराठीतच टाकतात, टाकायलाच पाहिजे. सीबॉरमध्ये मजकुराची लांबी बाइटमध्ये मोजतात, अक्षरांत नाही, आणि यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (एक अक्षर किंवा मात्रा-उकारासारखी एक खूण) तीन बाइटचा. "पुणे" म्हणजे प, उकार, ण, मात्रा, चार कोडपॉइंट, बारा बाइट. "चेंबर २" म्हणजे एकोणीस बाइट, पहिला बाइट ७३. आता बघा, २३ बाइटपर्यंत लांबी पहिल्याच बाइटमध्ये बसते, २४ पासून लांबीसाठी वेगळा बाइट लागतो, म्हणजे कोडमध्ये वेगळी वाट. इंग्रजी नावानं टेस्ट केली तर "चेंबर वन", "चेंबर टू" असली नावं २३ च्या पुढं जातच नाहीत, ती दुसरी वाट टेस्टच होत नाही. देवनागरीत आठ कोडपॉइंट झाले की चोवीस बाइट, संपलं. "प्री-कूलिंग" एवढं एकटंच ३१ बाइटचं आहे. म्हणून माझ्याकडे आता बरोबर २३ बाइटचं, बरोबर २४ चं, २५५ चं आणि २५६ चं अशी नावं आहेत, सगळी मराठीत, २३ वाल्यात सात कोडपॉइंट आणि दोन साध्या स्पेस घालून जमवलंय.

आणि मजकूर तुकड्यातुकड्यानं पाठवायची पण सोय आहे सीबॉरमध्ये. तिथं नियम असा की प्रत्येक तुकडा स्वतःपुरता शुद्ध यूटीएफ-८ पाहिजे, एक कोडपॉइंट दोन तुकड्यांत तोडता येत नाही. ण चे तीन बाइट, दोन इकडे आणि एक तिकडे, असा मेसेज मुद्दाम बनवला. पार्सरनं तो जोडून घेऊन "पुणे" दाखवलं. दिसायला बरोबरच की! पण नियमानं तो मेसेज चुकीचा, त्याला नाही म्हणायलाच पाहिजे, कारण आपण हो म्हणलो आणि पुढच्या सिस्टीमनं नाही म्हणलं की मग भांडण शोधत बसा.

इथपर्यंत झाल्या बरोबर मेसेजच्या आणि थोड्या वाकड्या मेसेजच्या टेस्ट. आता तुटलेले. सिमकार्डची रेंज गेली की मेसेज अर्धाच येतो हे रोजचं आहे. त्यासाठी जी टेस्ट लिहिली ती मला सगळ्यात आवडते, चार ओळींची आहे. तोच ४७ बाइटचा मेसेज घ्यायचा, तो शून्य बाइटवर तोडायचा, एका बाइटवर तोडायचा, दोनवर, असं ४६ पर्यंत, आणि प्रत्येक वेळी "मेसेज अपुरा" हाच एरर आला पाहिजे. यश नाही, पॅनिक नाही, दुसरा कुठला एरर पण नाही. ४७ मेसेजपैकी तीन ठिकाणी माझा पार्सर यशस्वी म्हणून परत आला होता, कारण मॅपमध्ये लिहिलंय सात जोड्या आणि आल्या पाच तर तो पाचच घेऊन खूश. त्याच्याच जोडीला दुसरी टेस्ट, मेसेज पूर्ण पण एकेक बाइट करून येणारा. गोमध्ये त्यासाठी तयार रीडर आहे, वनबाइटरीडर नावाचा, आयओटेस्ट पॅकेजमध्ये. नेटवर्कवरून एका वेळी चार बाइट मागितले तर चारच मिळतील असं गृहीत धरलेला कोड ह्याच्यात लगेच सापडतो.

लांबीवर विश्वास ठेवायचा नाही हे शिकायला नवीन काही लागत नाही, २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड झाला तेव्हाच सगळ्या जगानं बघितलं. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये समोरचा सांगायचा माझा मेसेज इतका मोठा आहे, प्रत्यक्षात असायचा छोटा, आणि कोड सांगितलेल्या लांबीवर विसंबून शेजारची मेमरी उचलून परत पाठवायचा, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. मला हे माहीत होतं, वाचलं होतं. तरी माझ्या कोडमध्ये लांबीची तपासणी असून सुद्धा ती फसत होती, आणि ते गोच्या फझिंगनं दाखवलं. गो १.१८ पासून फझिंग भाषेबरोबरच येतं, वेगळं काही बसवायला लागत नाही, तुम्ही काही चांगले मेसेज बी म्हणून द्यायचे आणि तो त्यात बाइट इकडेतिकडे करून लाखो मेसेज मारत बसतो. चौथ्या का पाचव्या मिनिटाला पॅनिक. मेसेज फक्त नऊ बाइटचा: मजकूर आहे, लांबी पुढच्या आठ बाइटमध्ये, आणि ते आठही बाइट एफएफ. एवढा मोठा अनसाइन्ड आकडा मी तपासणीआधी साध्या इंटमध्ये घेतला होता, त्याचे झाले मायनस एक. मग तपासणी काय विचारते, शिल्लक बाइट मायनस एकपेक्षा कमी आहेत का. नाहीत. जा पुढं. आणि पुढं मायनस एक लांबीचा तुकडा कापायला गेला आणि पडला. म्हणजे आधी तुलना करायची, मग टाइप बदलायचा, हा क्रम. फझरनं सापडलेला मेसेज गो आपोआप टेस्टडेटाच्या फोल्डरमध्ये फाइल करून ठेवतो, तो गिटमध्ये टाकला की ती कायमची टेस्ट.

फझरला एक गोष्ट मात्र सापडली नाही, ती हातानं लिहिली. ८१ हा बाइट म्हणजे एका घटकाचा अॅरे. त्याच्या आत परत ८१, त्याच्या आत परत ८१. असे एक कोटी ८१ एकामागं एक दिले. पार्सर स्वतःलाच बोलावत आत आत जातो आणि गोचा स्टॅक संपतो. आणि हे साधं पॅनिक नसतं, रिकव्हर लावून धरता येत नाही, पूर्ण प्रोसेसच जाते, म्हणजे एका डब्याच्या खराब मेसेजनं सगळ्या कोल्ड स्टोरेजचा डेटा बंद. आमचा मेसेज तीन पातळ्यांच्या खाली कधी जात नाही, मर्यादा सोळा ठेवली, सोळाला पास आणि सतराला एरर अशा दोन टेस्ट.

सगळं झाल्यावर उलटं केलं. पार्सर मुद्दाम बिघडवायचा आणि कुठली टेस्ट लाल होते ते बघायचं. तो वजा एक काढला, सात टेस्ट लाल. सीमेवर २३ च्या जागी २४ केलं, लाल. बाइटचा क्रम उलटा केला, अर्ध्या फाइलीला आग. एका ठिकाणी बदल करून सुद्धा सगळं हिरवंच राहिलं, मॅपमध्ये तीच किल्ली दोनदा आली तर काय, ह्याची टेस्टच नव्हती. पहिली ठेवायची का शेवटची का मेसेजच नाकारायचा? नाकारायचा ठरवलं.

आता जुन्या डेटाचं. कोड दुरुस्त करणं सोपं होतं पण डेटाबेसमध्ये जे गेलं ते गेलं. वाटलं की सगळ्या निगेटिव्ह आकड्यांतून एक वजा केला की झालं, मायनस ०.५ चे मायनस ०.६, सरळ आहे. पण मायनस ०.१ चं काय झालं होतं, तर ते ०.० म्हणून साठवलं गेलं होतं. आणि खरं ०.० पण ०.० च. शून्यापाशी दोन वेगळे आकडे एकात मिसळले होते आणि आता ते वेगळे करायला काही उपाय नाही, जोपर्यंत मूळ बाइट हातात नाहीत. मूळ मेसेज आम्ही तीस दिवसच ठेवत होतो. ते तीस दिवस परत डिकोड केले, बरोबर झाले. त्याच्या मागचे सगळे शून्य तसेच आहेत, त्यांच्या शेजारी एक कॉलम वाढवला आणि त्यात "शंकास्पद" अशी खूण केली. अलार्म मायनस एकला लावलेला होता, म्हणजे तो त्या काळात खरं तर मायनस १.१ ला वाजत होता, हे पण त्या कोल्ड स्टोरेजला लेखी कळवलं. माल खराब झाला नव्हता.

भाऊंना फोन करून सांगितलं की दुरुस्त झालं, चूक आमच्याकडचीच होती, तुमच्या वहीमुळं सापडली. ते म्हणाले, "मग आता लिहायचं बंद करू का?" मी म्हणलं, अजून आठ दिवस लिहा ना भाऊ, जमलं तर. लिहिलं त्यांनी. दोन्ही पानं मी टाइप करून टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकली आहेत, डब्याचा कॉलम अपेक्षित उत्तर म्हणून, आणि लॉगमधून त्या त्या वेळेचा मेसेज जोडून, मायनस ०.१ वाली ओळ सगळ्यात वर. मूळ मेसेज आता तीस दिवसांनी पुसत नाही, दोन वर्षं ठेवतो. ४७ बाइट, दर पाच मिनिटांनी, एका डब्याचे वर्षाला पाच एमबी पण होत नाहीत.